लांडग्याच्या वाट्याचं मेंढरू

बारामतीहून इंदापूरकडे निघालं की निरेचा डावा कालवा कुठून जातो हे कुणाला विचारावं लागत नाही. खालच्या अंगाला ऊस, केळी, मका, पाटाच्या कडेने ओली काळी माती. वरच्या अंगाला मुरमाड माळ, हिवर-बाभळी, तरवडाची पिवळी फुलं आणि मांडीपर्यंत येणारं कुसळी गवत. 1876-77 च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारने हा कालवा हाती घेतला, 1885 च्या सुमारास त्यातून पाणी खेळू लागलं आणि या मुलखाची दोन अंगं झाली. बागायत आणि जिरायत. आजही सोयरीक जुळवताना मुलाचं शिक्षण विचारण्याआधी पोरीचा बाप जमीन कालव्याच्या कुठल्या बाजूला आहे ते विचारून घेतो.

बागायती बारामती साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. साखर कारखाने, दूध, औद्योगिक वसाहत, कृषी विज्ञान केंद्र, शिक्षणसंस्था, हे सगळं दाखवायला पाहुणे आणले जातात. हा लेख दुसऱ्या अंगाबद्दल आहे. सुपे, शिरसुफळ, उंडवडी, पुढे इंदापूर तालुक्यातलं कळस, कडबनवाडी. सह्याद्रीने ढग अडवून धरल्यावर जो काही पाऊस उरतो तो इथे पडतो, वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर. त्यावर बाजरी येते, मटकी-हुलगा येतो आणि गवत येतं. या गवतावर दोन जीव पिढ्यानपिढ्या जगत आले आहेत. एक मेंढपाळ, दुसरा लांडगा. त्यांचं एकमेकांशी पटत नाही, तरी ते एकाच माळावर राहतात. कसे राहतात हे बघायला मी दसरा-दिवाळीच्या दिवसांत या भागात हिंडत होतो.

वनविभागाने 2024 मध्ये कडबनवाडी आणि शिरसुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. आधी ऑनलाइन नोंदणी करायची, दारात वाटाड्या गाडीत बसतो आणि ठरलेल्या रस्त्यानेच फिरायचं. वाटाडे याच गावांतले तरुण आहेत. सफारी म्हटलं की ताडोबाच्या वाघाची सवय झालेला माणूस इथे पहिल्या तासात गोंधळतो. झाडी नाही, पाणवठ्यावर वाट बघत बसणं नाही, समोर नुसतं सोनेरी गवत आणि त्यावरून वाहणारा वारा. वाटाडा मात्र सतत काही ना काही दाखवत असतो. जमिनीलगत उडत जाणारा भोवत्या. मुरमाच्या रंगात मिसळून गेलेली धाविक पाखरांची जोडी. बांधावर दोन्ही कान उभे करून बघणारं खोकड. मग चिंकारा, शेपटी सारखी हलवत, चार उड्यांत ओढ्यापलीकडे. डोळा हळूहळू तयार होतो, आणि तो वाटाड्यामुळे होतो.

आमच्या वाटाड्याने एका चराच्या कडेला गाडी थांबवली. सलग समतल चराच्या भरावावर लांडग्याची विष्ठा पडली होती, उन्हाने वाळून पांढरट झालेली. त्याने काडीने ती हळूच फोडली. आत हाडाचे बारीक तुकडे होते आणि केसांचे दोन प्रकार. एक सरळ, आखूड, भुरकट. ते चिंकाऱ्याचे असावेत असं तो म्हणाला. दुसरे बारीक, कुरळे, काळे. त्याने ते चिमटीत धरून माझ्या तळहातावर ठेवले. धनगराच्या घोंगडीला हात लावला की जो खरबरीतपणा लागतो तोच बोटांना लागला. "मेंढरू," तो म्हणाला. "ह्याच्यावरच चाललंय त्याचं." त्याचे आजोबा मेंढ्या राखायचे. वडिलांनी मेंढ्या विकून कंपनीत काम धरलं. हा परत माळावर आला आहे, लांडगा दाखवायला.

त्या दिवशी लांडगाही दिसला. फार लांब, बांधाच्या रेषेवर, दुडक्या चालीने जाणारा. मळकट करडा, उंच पायांचा, अंगाने सडपातळ. हिमप्रदेशातल्या चित्रांत दिसतो तसा झुपकेदार नाही. तो थांबला, आमच्याकडे बघितलं आणि आपल्या वाटेने गेला. लांडग्यांच्या जगातल्या अतिप्राचीन वंशांपैकी हा एक, असं जनुकीय अभ्यास सांगतात. देशात असे तीनेक हजार उरले असावेत, म्हणजे साधारण वाघांइतकेच. कायद्याने तो वाघाच्याच रांगेत, पहिल्या परिशिष्टात आहे. पण वाघासाठी जशी राखीव अरण्यं आहेत तशी याच्यासाठी फारशी नाहीत. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, 1997 मध्ये चिंकाऱ्यांसाठी जाहीर झालेलं. क्षेत्रफळ पाच चौरस किलोमीटरच्या थोडं वर. लांडगा एका रात्रीत त्याच्या कितीतरी पलीकडे जाऊन येतो. म्हणजे त्याचं खरं अभयारण्य वनविभागाच्या, गायरानाच्या आणि शेतकऱ्यांच्या पडून असलेल्या जमिनीचे जोडलेले तुकडे हेच आहे, आणि त्याच तुकड्यांवर मेंढ्याही चरतात.

धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढपाळांचा फिरता मुक्काम, बघायचा तर दिवस कलताना जावं. एका कापलेल्या बाजरीच्या रानात चार-पाच बिऱ्हाडं उतरली होती. मेंढरं अजून माळावरून यायची होती. बायकांनी वाघर लावायला घेतली होती, म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी, खुंट्यांना ताणून बांधलेली. घोडी मोकळी सोडलेली, त्यांच्या पाठीवरून उतरलेला संसार एका रांगेत: पातेली, पिठाचं पोतं, घोंगड्यांची चवड, डालग्यातल्या कोंबड्या, आणि अगदी अलीकडे आलेली सौरदिव्याची पट्टी. दिवसभर वाड्यावर राहिलेली कोकरं आईच्या आवाजाची वाट बघत होती. मग खांडवा, म्हणजे मेंढ्यांचा कळप, आला. धुळीचा लोट, कुत्री, आणि एकाच वेळी शेकडो मेंढ्या आणि कोकरं एकमेकांना हाका मारू लागली. इतक्या कोलाहलात प्रत्येक कोकरू बरोबर आपल्याच आईखाली जातं. हे बघण्यासारखं दृश्य आहे, आणि त्याचं कुठे तिकीट नाही.

चहा झाला. वाड्यातल्या एका आजींना लांडग्याचं विचारलं तर त्या माझ्याकडे न बघता कोकरू चाचपत म्हणाल्या, "येतोय की. त्यो न्हाई आला तर कुत्री झोपायची." मग सांगू लागल्या. लांडगा वाड्यावर चालून येत नाही, आजूबाजूला दबून बसतो. एक पुढून दिसतो, कुत्री त्याच्यामागे धावतात, तेवढ्यात दुसरा मागून कोकरू उचलतो. पावसात, वारा सुटल्यावर, अमावास्येला जास्त. गेल्या पावसाळ्यात दोन कोकरं गेली, एक मेंढी फाडली. राग येतो का? आला तर काय करणार, असं त्यांनी विचारलं. त्यांचे मालक बाजूला बसून सूत कातत होते. ते म्हणाले, त्याचा वाटा त्यो नेतोय, पण आमचा वाटा कोण देतंय?

हा प्रश्न मला या सगळ्या भटकंतीत ऐकलेल्या बोलण्यातला सर्वांत महत्त्वाचा वाटला. वन्यप्राण्याने जनावर मारलं तर सरकारी भरपाई आहे. ती मिळवायला ठरावीक मुदतीत खबर द्यावी लागते, मेलेलं जनावर जागेवर ठेवावं लागतं, पंचनामा व्हावा लागतो. घरासमोर गोठा असलेल्या शेतकऱ्याला हे जमतं. धनगराचा वाडा तीन दिवसांनी दुसऱ्या शिवारात असतो. लांडगा कोकरू उचलून नेतो, मागे पंचनामा करायला काही ठेवत नाही. शिवाय ज्याच्याकडे खबर द्यायला जायचं, तोच वनखात्याचा माणूस आदल्या आठवड्यात झाडं लावलेल्या क्षेत्रात मेंढरं शिरली म्हणून दंडाला आलेला असतो. म्हणून बहुतेक जण जातच नाहीत. सरकारच्या कागदावर हे कोकरू कधी मेलेलंच नसतं. लांडग्याला सरकारने संरक्षण दिलं आहे, पण त्याला खाऊ घालण्याचा खर्च ज्या घराची मालमत्ता चार पायांवर चालते त्या घराने करायचा, असा हा व्यवहार आहे.

लांडगा आणि माणूस यांचं नातं कुठल्या थराला जाऊ शकतं हे समजून घ्यायला जपानच्या डोंगराळ भागाकडे बघावं. टोकियोच्या वायव्येला चिचिबूचे डोंगर आहेत. तिथल्या मित्सुमिने देवस्थानाच्या दाराशी इतर ठिकाणी असतात तसे सिंहासारखे रक्षक नाहीत, लांडगे आहेत. डोंगरातले शेतकरी या देवस्थानाहून लांडग्याचं चित्र छापलेला कागद घरी नेत आणि दाराला लावत. तिथल्या डोंगरउतारावरच्या छोट्या शेतांची नासाडी करायची ती हरणं आणि रानडुकरं. त्यांना मारणारा लांडगा हा शेतकऱ्याचा राखणदार होता. चोर, आग, रोगराई यांपासूनही तोच राखतो अशी श्रद्धा होती. आपल्याकडे मेंढपाळाशी त्याचा संबंध आला, तिकडे धान्य पिकवणाऱ्याशी. तरी तो तिथे टिकला नाही. अठराव्या शतकात रेबीज पसरला आणि पुजलेला लांडगा माणसांना चावू लागला. पुढे मेइजी काळात उत्तरेच्या होक्काइडो बेटावर घोड्या-गुरांची मोठी कुरणं उभी राहिली, तिथे विषारी आमिषं टाकून लांडगे संपवले गेले. मुख्य बेटावरचा शेवटचा खात्रीशीर लांडगा 1905 च्या जानेवारीत नारा प्रांतातल्या हिगाशी योशिनो गावाच्या परिसरात मिळाला. तो मेलेला होता. एका अमेरिकन प्राणिसंग्राहकाने तो विकत घेतला आणि त्याचं कातडं आज लंडनच्या संग्रहालयात आहे. गावाने नंतर त्याचा पुतळा उभारला.

आज त्याच डोंगरांतली गावं हरणांपासून शेत वाचवायला जाळ्यांच्या आणि विजेच्या कुंपणाआड राहतात. हरणं रोपं खातात, झाडांच्या साली सोलतात, उतारांवरचा पाला संपवतात. कित्येक गावांत निम्म्याहून अधिक माणसं पासष्टीच्या पुढची आहेत. कुंपण दुरुस्त करायलाही हात नाहीत. लांडगे बाहेरून आणून सोडावेत म्हणून 1993 पासून तिथे एक संघटना प्रयत्न करते आहे, पण तो प्रयत्न अजून चर्चेच्याच पातळीवर आहे. देवस्थानात भाविकांची रांग मात्र लागते. चिचिबूच्या शेतकऱ्याने लांडग्याचा मान राखला आणि लांडगा गमावला. आपल्या माळावर त्याला देव्हारा नाही, गोष्टीत तो लबाड आणि खादाड, आणि तरीही तो कडबनवाडीच्या बांधावरून आजही चालत जातो. याचं श्रेय कायद्याला आहे तितकंच, मला वाटतं त्याहून जास्त, कोकरू गेल्यावर विष न घालणाऱ्या माणसाला आहे. सगळेच असं वागतात असं नाही. बिळात धूर करून पिलं मारल्याच्या गोष्टी जुने लोक सांगतात. पण सगळ्यांनी तसं करायचं ठरवलं असतं तर लांडगा इथे कधीच उरला नसता.

धनगरांना आपण कधी नीट ऐकलं आहे का? हायडेलबर्ग विद्यापीठातले गुंथर सोन्थायमर 1992 साली वारले. त्याआधीची कित्येक वर्षं ते धनगरांच्या वाड्यांवर, बिरोबा-म्हस्कोबाच्या जत्रांमध्ये बसून ओव्या ध्वनिमुद्रित करत होते. धनगर रात्रभर गातात त्या ओव्यांमध्ये कुठल्या खोऱ्यात कुठली वाट, कुठे चारा, कुठे पाणी, कुठल्या देवाने कुठल्या झुडपाखाली मुक्काम केला याचा तपशील असतो. खंडोबाच्या दोन बायकांपैकी म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. पेठ आणि माळ एकाच देवाच्या घरात नांदतात, भांडतात आणि नांदतात. जेजुरी इथून फार लांब नाही. सोन्थायमर यांनी हे ऐकून ठेवलं म्हणून आज ते पुस्तकांत आहे.

हेच साहित्य आता वेगळ्याच कामी येतं आहे. माळ म्हणजे तोडलेल्या जंगलाचा उरलेला सांगाडा, झाडं लावली की जंगल परत येईल, अशी समजूत इंग्रजांच्या काळापासून रुजली आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन अभ्यासकांनी 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेराव्या शतकापासूनच्या मराठी चरित्रांत, ओव्यांत, स्थळकथांत कुठली रानझाडं येतात ती शोधून काढली. 44 प्रजाती सापडल्या आणि त्यांतल्या दोन तृतीयांशाच्या आसपास माळरानाच्याच होत्या. हिवर, बोर, खैर, पळस. निरा खोऱ्यातल्या कथेत तर काटेरी झाडांखेरीज काही नसलेल्या मुलखाचं वर्णन येतं. म्हणजे निदान साडेसातशे वर्षं हा भाग असाच गवताळ आहे. जे कधी जंगल नव्हतं त्याला जंगल करायला आपण चर खणले आणि गिरिपुष्पाच्या रांगा लावल्या. त्या रांगांखाली गवत उगवत नाही. गवत नाही म्हणजे चिंकारा नाही, धाविक नाही, मेंढीला चारा नाही. वरून चराईबंदीची पाटी. वनविभागातले आजचे अधिकारी यावर वेगळा विचार करू लागले आहेत, काही ठिकाणी देशी गवतं पेरली जात आहेत, हे चांगलं आहे आणि ते वेगाने व्हायला हवं.

कारण दुसरी संकटं वाट बघत थांबलेली नाहीत. माळावर कोंबड्यांच्या शेडमधली मेलेली पाखरं टाकली जातात, त्यावर मोकाट कुत्री पोसतात, ती चिंकाऱ्याची पाडसं धरतात, रोग पसरवतात. पुण्याजवळच्या माळावर कुत्रा-लांडगा संकर झालेली पिलं आहेत हे 2023 मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं. लांडगा मारला न जाता असाही हळूहळू नाहीसा होऊ शकतो. संत तुकाराम महाराज पालखी मार्ग आता चौपदरी झाला. वारकऱ्यांची सोय झाली, पण रात्री तो ओलांडणाऱ्या प्राण्याचा विचार ज्या प्रमाणात व्हायला हवा होता तसा झालेला दिसत नाही. याच मार्गावर काटेवाडीला दरवर्षी आषाढीच्या वारीत पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. धनगर आपल्या मेंढ्या पालखीभोवती पळवतात, लाखो लोक ते बघतात. मेंढीला एवढा मान देणारा तालुका तिच्या चराईची वाटही राखू शकेल.

उजनीच्या पाण्याकाठच्या भिगवणला निसर्ग आणि पोट यांची सांगड वेगळ्या प्रकारे जमलेली दिसते. भीमेवरचं उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं. एकूण साठा 117 टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. इंदापूर तालुक्यातली कसदार जमीन आणि गावंच्या गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं मंदिर उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं आणि म्हातारी माणसं पोरांना आपलं घर कुठे होतं ते हात करून दाखवतात. उथळ पाण्यावर रोहित पक्षी येऊ लागले, हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब येऊ लागले, त्यांच्यामागे कॅमेरे घेऊन शहरातली माणसं. कुंभारगाव, डिकसळ, तक्रारवाडीच्या मच्छीमारांनी होड्या पक्षी दाखवायला वळवल्या. पहाटे जाळं, नंतर पर्यटक, दुपारी घरच्या चुलीवर चिलापीचं कालवण आणि भाकरी. होडी चालवणाऱ्या पोराला पाखरांची मराठी, इंग्रजी दोन्ही नावं येतात आणि वल्ह्याचा आवाज न करता किती जवळ जायचं हेही कळतं. बारामती तालुक्यातच पळशीवाडीला 2005 मध्ये पांडुरंग तावरे यांनी कृषी पर्यटनाचं केंद्र उभं केलं आणि शेतकऱ्याच्या घरी पाहुणा पैसे देऊन राहू शकतो ही गोष्ट राज्यभर पोचवली. राज्य सरकारने 2020 मध्ये त्यासाठी धोरणही आणलं.

पण या साऱ्या व्यवस्थेला एक पत्ता लागतो. घर, सातबारा, होडी, फाटक. वाड्याला पत्ता नाही. म्हणून कडबनवाडीच्या सफारीत वाटाड्याला रोजगार मिळाला, गावाला नाव मिळालं, आणि ज्याच्या मेंढरावर तो लांडगा जगतो त्याच्या हाती अजून काही लागलं नाही. काय करता येईल यावर धनगरांशीच बोललो तर तोडगे अवघड नव्हते. सफारीच्या उत्पन्नातला काही भाग गेलेल्या कोकरांसाठी बाजूला ठेवायचा आणि तो पंचनाम्याशिवाय, वाड्यातल्या चार जणांच्या आणि वाटाड्याच्या शब्दावर द्यायचा. कोकरं ठेवायला पक्की, उचलून नेता येणारी जाळी द्यायची. कुत्र्यांना रेबीज आणि डिस्टेंपरची लस टोचायची; यात लांडग्याचाही फायदा आहे. गवत कापून झाल्यावर ठरावीक महिन्यांत काही क्षेत्र चराईला उघडायचं. शेवटच्या मुद्द्यावर खात्यातले लोक बिचकतात, पण मेंढी गेली की लांडग्याला एकट्या चिंकाऱ्यावर जगता येईल इतके चिंकारे या माळावर नाहीत, हे त्यांनाही माहीत आहे.

आजींच्या वाड्याने दिवाळी पाडव्याला मेंढरं ओवाळली की मावळ-कोकणाकडे निघायचं ठरवलं होतं. वाटेत शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात, एका रात्रीच्या खताला पूर्वी पायलीने ज्वारी मिळायची, आता रोख मिळतात. आजींची नात गावच्या शाळेत सातवीला आहे, मावशीकडे राहते. तिला वाटाडी व्हायचंय, असं तिने मी न विचारताच सांगितलं. कडबनवाडीला मुली घेतात का, हे ती विचारत होती. मी तिथल्या पोरांना विचारून कळवतो म्हटलं. त्यांनी सांगितलं, पहिली कुणीतरी यायला पाहिजे.

ज्यांना यायचंय त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत यावं. नोंदणी आधी करावी, स्थानिक वाटाडा घ्यावाच. हिवाळ्यात लांडग्याची पिलं बिळात असतात, बीळ दाखवा म्हणून हट्ट करू नये. वाटाडा नाही म्हणाला तर तो त्याचं काम करतो आहे. गाडी रस्ता सोडून गवतात घालू नये. वाडा दिसला तर लांबून हाक मारावी, कुत्री आवरेपर्यंत थांबावं, फोटो काढण्याआधी विचारावं. रात्री मेंढरं वाघरीत असताना टॉर्च मारू नये, ती बुजतात आणि जाळी तोडतात. आणि गेल्या हंगामात लांडग्याने किती कोकरं नेली हे प्रत्येक वाड्यावर विचारून वहीत तारखेसह टिपून ठेवावं. हा हिशेब आज कुणाकडेच नाही.